स्टिकरखालची किंमत

जुळे सोलापूर येथील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. पत्रातील मुख्य मजकूर असा :

«मुलीच्या साखरपुड्यात मानपानासाठी नवी पेठेतील एका दुकानातून मी तीन साड्या घेतल्या. दुकानावर ‘सरसकट ५० टक्के सूट, फक्त तीन दिवस’ असा फलक होता. प्रत्येक पाकिटावर ‘एमआरपी ५,६०० रुपये, सर्व करांसहित’ असा स्टिकर होता आणि त्या आकड्यावर लाल पेनाने रेघ मारून शेजारी २,८०० लिहिले होते. बिल करताना ८,४०० रुपयांवर पाच टक्के जीएसटी म्हणून ४२० रुपये वेगळे लावले आणि ८,८२० रुपये घेतले. घरी आल्यावर एका साडीच्या पदरात बोटभर वीण सुटलेली दिसली. तिसऱ्या दिवशी बदलून मागायला गेले, तर ‘सेलचा माल बदलून किंवा परत घेतला जाणार नाही’ ही पाटी दाखवली. त्या पाकिटावरील स्टिकरचा कोपरा सुटला होता. तो ओढला, तर खाली त्याच दुकानाचा दुसरा स्टिकर निघाला : ३,१५० रुपये, सर्व करांसहित. दुकानदारांना विचारले, तर ते म्हणाले, ‘एमआरपीच्या आतच विकले आहे, मग तक्रार कसली?’ या गोष्टीला पाच आठवडे झाले, ‘फक्त तीन दिवस’चा फलक अजून तिथेच आहे. यजमान म्हणतात, एवढ्याशा रकमेसाठी कोर्टाची पायरी कशाला चढायची? मी काय करावे?»

ताई, नमस्कार.

दुकानदारांच्या त्या एका वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते वाक्य ऐकून माघारी फिरलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. एमआरपीच्या आत विकले म्हणजे सारे काही नियमात बसले, ही समजूत चुकीची आहे. एमआरपी, म्हणजे कमाल किरकोळ किंमत, ही वैध मापन कायदा, २००९ आणि त्याखालील आवेष्टित वस्तूंबाबतचे २०११ चे नियम यांनी घातलेली वरची मर्यादा आहे. तिच्यावर एक रुपयाही घ्यायचा नाही, एवढेच ती सांगते. सूट खरी आहे की खोटी, हा प्रश्न ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येतो, आणि त्या कायद्याने विचारलेली गोष्ट अगदी निराळी आहे. तुम्ही किती पैसे घेतले, यापेक्षा गिऱ्हाइकाला किमतीबद्दल काय सांगून घेतले, हे तो कायदा पाहतो.

खोडलेली किंमत हे दुकानदाराने केलेले एक विधान असते. ५,६०० वर रेघ मारून २,८०० लिहिणे म्हणजे ‘ही साडी एरवी ५,६०० ला जाते, आज तुम्हाला निम्म्यात देतो’ असे तोंडाने सांगण्यासारखेच आहे. या कायद्याच्या कलम २ (४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या दिली आहे. एखादी वस्तू सामान्यतः ज्या किमतीला विकली गेली किंवा विकली जाते, त्या किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणे, ही त्यांपैकी एक प्रथा आहे. त्याच तरतुदीत पुढे एक बारकावा आहे, तो तुमच्या फार उपयोगाचा आहे. ‘ही आमच्या दुकानाची आधीची किंमत’ असे दुकानदाराने स्पष्ट म्हटले नसेल, तर त्याने दाखवलेली किंमत ही त्या बाजारातील विक्रेत्यांची सर्वसाधारण किंमत आहे, असे धरले जाते. म्हणजे तुमच्या दुकानदारांना दोनच वाटा उरतात. तशी साडी सोलापूरच्या बाजारात साधारणपणे ५,६०० ला विकली जाते, असे तरी त्यांना दाखवता आले पाहिजे, किंवा ५,६०० ही आपलीच आधीची किंमत होती असे त्यांचे म्हणणे असेल, तर त्या किमतीला विकल्याची बिले तरी त्यांच्याकडे असली पाहिजेत. पाकिटाच्या पोटात ३,१५० चा स्टिकर असताना दुसरी वाट कठीण आहे, आणि पहिली वाट तपासणे तुमच्या हातात आहे. चाटी गल्लीत किंवा टिळक चौकात दोन-तीन दुकानांत तशाच पोताची, तशाच काठाची साडी दाखवून भाव विचारा आणि जमल्यास एखाद्या दुकानाकडून तो कागदावर लिहून घ्या. कापडाच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला साडी हातात घेताच तिचा भाव कळतो.

आता हिशेब पाहू. स्टिकरखालची किंमत करांसहित ३,१५० होती. तुम्ही एका साडीला करासह २,९४० दिले. म्हणजे प्रत्यक्ष सूट २१० रुपयांची, साधारण पावणेसात टक्के. फलकावर पन्नास होते.

अर्थात ३,१५० चा स्टिकर निघाला म्हणजे सगळे सिद्ध झाले, असे मी म्हणणार नाही. ‘तो जुन्या मालाचा स्टिकर होता, पाकीट पुन्हा वापरले’ किंवा ‘कामगाराने चुकून दुसऱ्या साडीचा लावला’ असे उत्तर दुकानाकडून येऊ शकते, आणि एखाद्या वेळी ते खरेही असू शकते. पण अशा स्टिकरबाबत नियम काय आहे, हे लक्षात घेतले की त्या उत्तराचे वजन बरेच कमी होते. २०११ च्या नियमांनुसार बंद पाकिटावर छापलेला तपशील बदलण्यासाठी वेगळा स्टिकर चिकटवता येत नाही. याला एकच मोकळीक आहे : किंमत कमी करायची असेल, तर कमी केलेल्या किमतीचा स्टिकर लावता येतो, मात्र त्याने मूळ किंमत झाकता कामा नये. जुनी आणि नवी, दोन्ही किमती गिऱ्हाइकाला शेजारी शेजारी दिसल्या पाहिजेत, म्हणजे उतरलेला भाव खरोखर उतरला आहे की नाही हे त्याचे त्याला कळते. छापलेली किंमत पुसणे, खोडून अस्पष्ट करणे किंवा बदलणे यालाही त्या नियमांत मनाई आहे. तुमच्या पाकिटावर नेमके उलटे झाले आहे : किंमत वाढवणारा स्टिकर वर आणि कमी किंमत त्याखाली झाकलेली. साड्या पाकिटात बंद होत्या, त्यामुळे हा भाग वैध मापन शास्त्र यंत्रणेच्या अखत्यारीत येतो आणि तिथे वेगळी तक्रार करता येते.

जीएसटीबद्दल तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिली आहे, पण मला तुमचा हा मुद्दा सर्वांत भक्कम वाटतो. किंमत ‘सर्व करांसहित’ असेल आणि तिच्यावर ‘सरसकट ५० टक्के सूट’ जाहीर केली असेल, तर सूट दिलेल्या किमतीतही कर आलेलाच असतो. त्यावर पुन्हा कर लावता येत नाही. ८,४०० रुपयांत ८,००० ची साडी आणि ४०० चा कर, असे बिल व्हायला हवे होते. तुमच्या बिलात मात्र ८,४०० हीच मूळ किंमत धरून तिच्यावर ४२० चढवले आहेत. पादत्राणांच्या एका कंपनीने ‘सरसकट ४० टक्के सूट’ अशी जाहिरात करून सूट दिलेल्या किमतीवर व्हॅट वेगळा लावला होता. त्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये निकाल दिला की, करासह छापलेल्या किमतीवर सूट जाहीर करून नंतर कर वसूल करणे ही दिशाभूल आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो निकाल व्हॅटच्या काळातला असला, तरी त्यामागचा युक्तिवाद जीएसटीला तंतोतंत लागू पडतो. म्हणून काही झाले तरी हे ४२० रुपये मागितल्याशिवाय राहू नका. यासाठी बाजारभाव सिद्ध करावा लागत नाही, साक्षीदारही लागत नाही. पाकीट आणि बिल शेजारी शेजारी ठेवले की सगळे दिसते.

वीण सुटलेल्या साडीचे उत्तर आणखी सोपे आहे. सदोष माल परत घेण्यास आणि त्याचे पैसे परत देण्यास बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, किंवा बिलावर मुदत नसेल तर तीस दिवसांच्या आत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे कलम २ (४७) मध्येच लिहिले आहे. तुम्ही तिसऱ्या दिवशी गेला होतात. भिंतीवरच्या पाटीने हे कलम रद्द होत नाही, आणि सेल लागला म्हणूनही नाही. मात्र एक फरक लक्षात ठेवा. रंग आवडला नाही, विहीणबाईंना काठ पसंत पडला नाही, अशा कारणासाठी साडी बदलून देण्याचे बंधन कायद्याने दुकानदारावर घातलेले नाही. तो त्याच्या मनाचा प्रश्न आहे आणि तिथे ती पाटी चालते. म्हणून तक्रारीत ‘बदलून दिली नाही’ एवढेच लिहू नका, ‘पदराची वीण सुटलेली असूनही बदलून दिली नाही’ असे लिहा, आणि त्या जागेजवळ मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढा. साडी धुऊ नका, नेसू नका, रफू तर मुळीच करू नका.

‘फक्त तीन दिवस’ हा फलक पाच आठवडे टिकला, हे वाचून मला वाईट वाटले, कारण घाईपोटीच तुम्ही दुसरे दुकान न पाहता खरेदी केली असणार. साखरपुडा तोंडावर आलेला असताना घरातील बाई कशी धावपळ करते, हे फलक लावणाऱ्यालाही ठाऊक असते. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जाहिरातीतील दाव्याला काही अटी असतील, तर त्या दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात असल्या पाहिजेत, असे ती तत्त्वे सांगतात. आपल्याकडे मराठीत हातभर अक्षरांत ‘५० टक्के’ आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, किंवा ‘पर्यंत’ हा शब्द पन्नासच्या सावलीत लपवलेला, असे फलक सर्रास दिसतात. तुम्ही म्हणता त्या फलकावर ‘सरसकट’ होते. ते नक्की ‘सरसकट’च होते ना, हे पुन्हा जाऊन पाहा आणि फलकाचे छायाचित्र आजच काढा. त्यावर दिनांक दिसेल अशी सोय करा, त्या दिवशीचे वर्तमानपत्र हातात धरून काढले तरी चालेल. पाच आठवडे जुना फलक उद्या उतरवला गेला, तर तो होता हे सांगायला फक्त तुमचे तोंडच उरेल.

इथे थोडे विषयांतर करते. युरोपीय संघाने २०१९ मध्ये एक निर्देश काढला आणि तो २८ मे २०२२ पासून लागू झाला. कोणतीही सूट जाहीर करताना ‘आधीची किंमत’ म्हणून मागील तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमतच दाखवावी लागते, असे तो सांगतो. जर्मनीतील एका दुकानसाखळीने केळी आणि अननस यांच्या जाहिरातीत ती कमी किंमत कोपऱ्यात छापली, पण टक्केवारी मात्र भलत्याच आकड्यावर काढली. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने स्पष्ट केले की, टक्केवारीसुद्धा त्या सर्वांत कमी किमतीवरच काढली पाहिजे. आपल्या कायद्यात असा दिवसांचा आकडा नाही. ‘सामान्यतः विकली जाणारी किंमत’ एवढेच शब्द आहेत, आणि त्यांचा अर्थ प्रत्येक प्रकरणात पुराव्यावरून ठरतो. तसा आकडा आपल्याकडेही असावा, असे माझे ठाम मत आहे. तो येईपर्यंत कालचा भाव काय होता हे दाखवण्याचे ओझे प्रत्यक्षात ग्राहकाच्याच खांद्यावर पडते. म्हणून लग्नसराईची मोठी खरेदी करायची असेल, तर सेल लागण्याच्या महिनाभर आधी बाजारात एक चक्कर मारून आवडलेल्या वस्तूंच्या किमतींची चिठ्ठी फोनमध्ये टिपून ठेवावी, असे मी आमच्या घरातल्या मुलींनाही सांगते.

याला दुसरीही बाजू आहे. हंगाम संपताना अडकलेला माल मोकळा करण्यासाठी व्यापारी खरोखर भाव पाडतात. गड्डा यात्रेच्या गर्दीनंतर किंवा लग्नतिथी संपल्यावर मिळणारी सूट पुष्कळदा खरी असते. पावणेसात टक्के सूट देणाऱ्याने पन्नासचा फलक लावला, की शेजारचा खरी वीस टक्के सूट देणारा प्रामाणिक दुकानदार रिकामा बसतो. त्याचेही नुकसान होतेच, आणि तो बिचारा ग्राहक नसल्यामुळे ग्राहक आयोगाकडे येऊ शकत नाही.

आता यजमानांच्या शंकेकडे वळते. पायरी चढायची आहे ती आयोगाची, आणि ती त्यांना वाटते तेवढी उंच नाही. आधी दुकानाला एक लेखी पत्र द्या. त्यात खरेदीचा दिनांक, बिल क्रमांक, दोन्ही स्टिकरवरील किमती, जादा घेतलेले ४२० रुपये आणि साडीतील दोष एवढेच लिहा, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि पत्र टपालाने पाठवून पोचपावती जपून ठेवा. रागाचा एकही शब्द त्यात नको, कारण उद्या तेच पत्र आयोगापुढे वाचले जाईल. त्याच वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती दुकानाशी बोलून तडजोड घडवण्याचा प्रयत्न करते, आदेश देऊ शकत नाही. पण बरीच दुकाने लेखी पत्र आणि हेल्पलाइनचा निरोप एकाच आठवड्यात आला की नरमतात, असा माझा अनुभव आहे.

नाही नरमले, तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल करा. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असलेली प्रकरणे जिल्हा आयोगाकडे येतात आणि पाच लाखांपर्यंत शुल्कच नाही. वकील देणे बंधनकारक नाही, तुम्ही स्वतः उभ्या राहू शकता. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे साखरपुडा आणि लग्न उरकून मग हे हाती घेतले तरी चालेल, फक्त पुरावे आत्ताच गोळा करा. दुकानाला म्हणणे मांडायला तीस दिवस मिळतात आणि आयोगाने परवानगी दिली तर आणखी पंधरा. प्रकरण साधारणपणे प्रतिज्ञापत्रे आणि कागदपत्रे यांवरच चालते. कायद्याने निकालासाठी तीन महिन्यांचे, आणि मालाची तपासणी लागल्यास पाच महिन्यांचे उद्दिष्ट घालून दिले आहे. प्रत्यक्षात त्याहून अधिक वेळ लागू शकतो, ही मनाची तयारी ठेवा.

काय मागायचे, हेही नीट ठरवा. सदोष साडी बदलून किंवा तिचे २,९४० रुपये परत मागा. ती साडी बदलून मिळाली, तर ४२० रुपये पूर्ण मागा. तिचे पैसे मिळाले, तर त्यात तिच्या वाट्याचा १४० रुपयांचा कर आलेलाच आहे, म्हणून उरलेल्या दोन साड्यांचे २८० रुपयेच मागा. हेलपाट्यांचा आणि तक्रारीचा खर्च मागा. खोट्या सुटीबद्दल नुकसानभरपाई मागता येते. मात्र ३,१५० च्या निम्मे, म्हणजे १,५७५ रुपयांना साडी मिळायला हवी होती, हे म्हणणे आयोग मान्य करीलच असे धरून चालू नका. मांडायला हरकत नाही, पण सारी भिस्त त्यावर ठेवू नका. अनुचित प्रथा बंद करण्याचा आणि चुकीची जाहिरात सुधारून पुन्हा प्रसिद्ध करण्याचा आदेश देण्याचे अधिकारही कलम ३९ खाली आयोगाला आहेत, तेव्हा ही मागणी तक्रारीत अवश्य घाला. पाच आठवडे त्या फलकाखालून जे शेकडो लोक आत गेले असतील, त्यांच्यासाठी ती अधिक मोलाची आहे. कायद्यातील कलम १६ आणि १७ नुसार अशा जाहिरातीबाबत जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार देता येते. ती वैयक्तिक पैशांसाठी नसते, जाहिरातीची चौकशी व्हावी म्हणून असते. तुमच्या नात्यात किंवा शेजारात त्याच सेलमध्ये खरेदी केलेले आणखी कोणी असेल, तर त्यांचीही पाकिटे बघा. समान हिताच्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करता येते.

आणि एक काम आजच, हे पत्र वाचून झाल्याबरोबर. तुम्ही एका पाकिटाचा स्टिकर काढला आहे. उरलेली दोन पाकिटे अजून तशीच असतील, तर त्यांच्या स्टिकरला नखही लावू नका. उजेडासमोर धरून खाली दुसऱ्या आकड्याची सावली दिसते का, एवढेच पाहा, दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढा आणि पाकिटे कोरड्या जागी, कपाटात वेगळी ठेवा. पहिला स्टिकर तुम्ही घरी काढला, म्हणून खालचा तुम्हीच चिकटवला असे दुकानाला म्हणता येईल. उरलेले दोन मात्र आयोगासमोर, दुकानदारांच्या देखतच निघू द्या.